पंचामृत घातलेलं रिव्हॉल्वर

काकांची नक्कल सगळ्यात सोपी. मान जरा डावीकडे कलती करायची, उजव्या हाताचा पंजा ट्रॅफिक पोलिसासारखा पुढे धरायचा आणि नाकातून म्हणायचं, "थांब. अजून वाढेल." झाली नक्कल. एवढ्यावर मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेतल्यात, आणि समोर बसलेल्यांपैकी एकानंही माझ्या काकांना बघितलेलं नव्हतं.

काय वाढेल? तर रिव्हॉल्वरचा भाव.

मी येवल्याचा. शाळेत हेडसरांपासून एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो, मार खायचो, पुन्हा काढायचो. पुढे कॉलेजसाठी वडलांनी नाशिकला मावशीकडे पाठवलं. हे सत्तरच्या दशकातलं, शेवटशेवटचं. मावशी-काकांना मूलबाळ नव्हतं. जुन्या नाशकात दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, आणि नळ खाली अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच. मावशी सकाळी उठली की आधी कळशी घेऊन जिन्यावर. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. तिला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, ती ती कुणालाही सांगायची, भाजीवालीलासुद्धा: "मला सोनंनाणं नको बाई. घरात नळ पाहिजे. मोरीत बसल्या बसल्या तोटी फिरवली की पाणी."

काका एका जंगलठेकेदाराकडे हिशेब बघायचे. पेठच्या बाजूला डोंगरात ठेकेदाराची लाकूडतोड चालायची आणि तिथल्या मजुरांचा पगार काका जीपमधून घेऊन जायचे. सोबत रोकड, रस्ता घाटाचा. म्हणून ठेकेदारानं खटपट करून काकांच्या नावानं लायसन काढून दिलं. रिव्हॉल्वर मात्र काकांनी स्वतः घेतलं, मावशीच्या पाटल्या मोडून. विलायती, जुनं, कुठल्यातरी रिटायर साहेबाचं. मी आलो तेव्हा त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पाटल्यांचा विषय अजून ताजाच होता.

"पाटल्या असत्या तर आज किती झाल्या असत्या, काढा हिशेब," मावशी म्हणायची.

"अगं, सोनं वाढतं ते सगळ्यांचंच वाढतं," काका म्हणायचे. "हे तसं नाही. बाहेरनं माल यायचा बंद झालाय. आपल्याकडे बनत नाही. म्हणजे देशात जेवढी आहेत तेवढीच. मागणारे वाढतायत. तूच सांग."

मावशी कळशी उचलायची.

लोक रविवारी सिनेमाला जायचे, आम्ही बंदूकवाल्या शेठकडे जायचो. मेन रोडच्या आत गल्लीत त्यांचं दुकान, भिंतीला बंदुका साखळीनं बांधलेल्या, आणि आत कायम तेलाचा वास. शेठ अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचे आणि काहीही विकताना असं तोंड करायचे की जणू मुलगी सासरी पाठवतायत. मला तर पर्वणीच. काका भाव विचारायचे, मी शेठना पाठ करायचो.

एकदा पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते. पांढरेशुभ्र कपडे, पायात नवीन करकरीत चपला. शेठनी किंमत सांगितल्यावर ते उठूनच उभे राहिले.

"शेठ, काय बोलता! एवढ्यात स्कूटर येती की."

"येती ना. घ्या स्कूटर," शेठ म्हणाले. "पण दादा, लग्नात स्कूटर बाहेर लावावी लागते, पोरं हवा सोडतात. ये कमर को लगाके मंडपात शिरा, सोयरे स्वतः उठून खुर्ची देतील."

"गोळी कुणावर झाडायची पण?"

"झाडायला कोण घेतो? मी एवढी वर्षं विकतो, नव्वद टक्के माल एकदा पण नाही वाजला. दोन सालांनी परत आणा. स्कूटर अर्ध्यात जाईल, ह्याला मी दीडपट देईन. फक्त पाणी लागू देऊ नका. लायसन भिजलं तर चालेल. ह्याचा दुश्मन चोर नाही दादा, पाणी."

बागायतदारांनी घेतलं. काका घरी येईपर्यंत रस्त्यानं एकटेच हसत होते. जिना चढतानाच त्यांनी वर मावशीला भाव ऐकवला. त्या दिवशी ते पहिल्यांदा म्हणाले, "दहा हजाराला टेकला ना, की विकायचं. नवीन वसाहतीत दोन खोल्या घेऊ. घरात नळ."

मावशी पोळपाट-लाटणं सोडून बाहेर आली. "माझी आण?"

"तुझी आण."

त्या दिवसापासून मावशीला शेठच्या दुकानाचा राग यायचा बंद झाला. उलट रविवारी तीच आम्हाला लवकर चहा करून द्यायची. ओळखीच्या एका बाईंबरोबर जाऊन तिनं वसाहतसुद्धा बघून ठेवली. तुळस कुठे ठेवायची ते ठरलं. मोरी कुठल्या बाजूला येणार ते तिनं मला लाटण्यानं फरशीवर काढून दाखवलं. कॉट एका भिंतीला, माझी गादी दुसऱ्या भिंतीला. "तू तवर लगीन करून घेऊ नको रे, जागा नाय पुरायची," म्हणाली. मी तिच्याच आवाजात तिला उत्तर दिलं. तिनं तेच लाटणं माझ्या पाठीत घातलं.

मग घाटातलं प्रकरण झालं.

पावसाळा संपता संपता काका पगार घेऊन निघाले होते. पेठच्या घाटात रस्त्यावर आडवं खोड पडलेलं. ड्रायव्हर खाली उतरला तसे झाडीतून तिघं आले, हातात कोयते. काकांनी रिव्हॉल्वर काढून समोर धरलं. फक्त धरलं. तिघं क्षणभर बघत राहिले आणि आले तसे झाडीत गेले.

काकांनी हे आम्हाला आल्या आल्या सांगितलं नाही. आधी पाणी प्याले. मग डबा उघडला. डब्यात भाकरीच्या खाली फडक्यात गुंडाळलेल्या सगळ्या गोळ्या तशाच होत्या. कारण भरलेलं रिव्हॉल्वर घरातून बाहेर न्यायचं नाही, घरात आणायचं नाही, अशी मावशीची सक्त ताकीद. काका गोळ्या डब्यात न्यायचे आणि तिकडे पोचल्यावर भरायचे. म्हणजे घाटात त्यांनी जे धरलं होतं ते रिकामं होतं.

मी पुढे कित्येक महिने याची नक्कल करायचो. हात थरथरतोय, पण आवाज इन्स्पेक्टरसारखा. काका स्वतः हसायचे, "नकल्या, माझ्या तोंडावर कर बाबा, माझ्यामागं नको." मावशीला मात्र हसू यायचं नाही. ती त्या दिवशी डब्यातल्या गोळ्यांकडे बघून मटकन खाली बसली होती. तिनं तिथेच हात जोडले. मला वाटलं देवाला जोडले. पण ते कॉटवर ठेवलेल्या रिव्हॉल्वरला होते.

"ह्यानं माझं कुंकू राखलं," ती म्हणाली.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. म्हणजे शस्त्र कसलं, विळी, खलबत्ता, माझं पेन, काकांचं पेन, आणि मधोमध रिव्हॉल्वर. दर वर्षी काका स्वतः त्याला कोरड्या हातानं झेंडूचं फूल वाहायचे आणि लगेच पुसून ठेवायचे. त्या वर्षी सकाळीच काका ठेकेदाराकडे आपट्याची पानं द्यायला गेले आणि तिकडेच बोलत बसले. मुहूर्त टळत होता. मावशी नवी नऊवारी नेसून तयार. तिनं ताम्हण काढलं. रिव्हॉल्वर ताम्हणात ठेवलं. आणि दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं नीट एकेक करून त्याच्यावर घातलं. देवाला घालतात तसंच, पळी पळीनं. नळीत गेलं, फिरत्या चक्रात गेलं, घोड्याच्या खाचेत गेलं. मग वरून गरम पाणी. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता.

मी बाजूलाच मांडी घालून बसलेलो. मी काय केलं? मी भटजींचा आवाज काढला. "यजमानीणबाई, देवाचं गोत्र काय?"

"गप ए," ती म्हणाली. डोळ्यात पाणी होतं तिच्या. मग मला तीर्थ दिलं. ते तीर्थ मी प्यायलो. त्याला बंदुकीच्या तेलाचा वास होता.

तिनं रिव्हॉल्वर जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसलं, लाल खणात बांधलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. काका आल्यावर म्हणाली, "पूजा झाली. आता उठसूट काढायचं नाय. देव हाय तो." काकांना वाटलं, झाली असेल नेहमीसारखी. त्यांना काढायचं कारणही उरलं नव्हतं. घाटातल्या प्रकारानंतर ठेकेदारानं रोकड न्यायचीच बंद केली होती, पगार तिकडच्या बँकेतून व्हायला लागला. रिव्हॉल्वर ट्रंकेत राहिलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, सगळा पावसाळा गेला.

मग लायसन नवीन करायची वेळ आली. त्यासाठी हत्यार पोलिसांना दाखवावं लागतं. मावशी तेव्हा येवल्याला माझ्या बहिणीच्या लग्नाला पुढे गेलेली. मी दुपारी कॉलेजातून आलो तर काका खाली नळावर बसलेले. कपडे धूत होते. मी काकांना आयुष्यात रुमालसुद्धा धुताना बघितलं नव्हतं. पुढ्यात लाल खण.

"काय हो काका, मावशीनं सोडून दिलं काय तुम्हाला?"

"धूळ बसली होती," ते म्हणाले. वर बघितलं नाही. खण लालच होता, त्याच्यावरचा कसलाच डाग मला दिसला नाही. पण खाली मोरीतून जाणारं पाणी तपकिरी होतं. मी म्हटलं, रंग गेला वाटतं खणाचा.

त्या रविवारी ते मला न घेता शेठकडे गेले. आले आणि चपला न काढता जिन्यातच बसले.

पुढच्या दसऱ्याला मावशीनं ताम्हण काढलं तर काका म्हणाले, "नको. देव सोवळ्यातच बरा. खणावरूनच फूल वाहा." मावशीला ते पटलं. उलट नवऱ्याला आता कुठे भक्ती सुचली म्हणून तिला बरंच वाटलं. तेव्हापासून रिव्हॉल्वर खणाबाहेर आलंच नाही.

भाव मात्र चढत होता. ऐंशी साल उलटलं, द्राक्षवाल्यांच्या हातात पैसा आला, पुढाऱ्यांची संख्या वाढली, आणि एके रविवारी मीच दुकानावरून बातमी घेऊन आलो. दहा झाले. मावशी स्वयंपाकघरातून धावत आली. गुडघे विसरून धावली.

"अहो, दहा! ऐकलंत का?"

काकांनी पेपर खाली केला. मान डावीकडे कलती, पंजा पुढे. "थांब. अजून वाढेल."

मावशीला आधी चेष्टा वाटली. मग दोन-तीन दिवसांनी तिला कळलं की चेष्टा नाही. मग ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची ते आवाज करून वाढायची. वसाहतीतल्या त्या खोल्या गेल्या. नंतर पलीकडच्या लाईनीतल्या गेल्या. रिव्हॉल्वरचा भाव वाढायचा तसा खोल्यांचाही वाढायचा, उलट खोल्यांचा जास्तच. हे मावशीलासुद्धा कळायला लागलं, तिला हिशेब येत नव्हता तरी.

"बारा झाले म्हणे."

"थांब."

"पंधरा."

"वाढेल अजून."

"माझे गुडघे तवर राहतील का पण?"

त्यानंतर बऱ्याचदा मी बघितलं, मावशी उठायच्या आत काकाच कळश्या घेऊन खाली जायचे. खालच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं विचारलंच, "काय काका, भाव किती चाललाय पाण्याचा?" काका पण हसले. मी ती नक्कलसुद्धा करायचो, कळशी खांद्यावर घेऊन धापा टाकत जिना चढणाऱ्या काकांची. सगळ्या बिऱ्हाडांत माझी ती नक्कल फेमस झाली होती.

त्याच जिन्यात ते गेले. कळशी हातात नव्हती, नुसतेच बाजारातून येत होते. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसले आणि शेजारच्यांनी धरेपर्यंत संपलं होतं.

तेरावा झाल्यावर पोलीस चौकीतून निरोप आला. लायसनवाला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, दुकानदाराकडे जमा करायचं किंवा विकायचं. मावशीनं ट्रंक उघडून लाल खणाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. तिच्या तोंडावर त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडा जीव होता.

"वीस सांगत्यात ना आता?"

"हो, वीसच्या पुढेच."

"मग विकूनच ये. आता नाय थांबायचं. लय थांबले मी."

शेठनी गाठोडं बघितलं आणि सोडलंच नाही. हात ठेवून बसले.

"काका गेले?"

"हो."

"बैस."

मी म्हटलं, "शेठ, बघून तरी घ्या. मावशी वाट बघतेय."

"मी बघितलंय, बेटा. पाच-सहा सालांपूर्वीच." त्यांनी खण सोडला. वरून रिव्हॉल्वर बरं दिसत होतं. काकांनी तेल लावून, घासून वरचं सगळं काढलं होतं. शेठनी नळी उजेडाकडे धरून मला आत बघायला सांगितलं. मी याआधी दुकानात चांगल्या नळीतून बघितलं होतं, आतून आरशासारखी चकचकते. ही आतून देवीच्या रोग्याच्या गालासारखी होती. सगळे खड्डे. चक्राच्या भोकांत पण तेच.

"दही," शेठ म्हणाले. "आणि मध. आणि वर नमक असेल पाण्यात. पूर्ण एक बरसात आत राहिलं. हे चालवायला कुणी घेणार नाही, फुटेल हातात. मी पार्टसाठी घेतो. पंधराशे."

"पंधराशे?"

"त्या वेळी मी तुझ्या काकांना हेच बोललो. मी बोललो, घरी सांगून टाका, मामला खतम. तर इथंच बसले होते, जिथं तू बसलाय. बोलले, शेठ, तिनं ज्या हातानं घातलंय ना, तो हात आयुष्यभर जाळून घेईल ती. तिला कळता कामा नये. मी बोललो, मग काय सांगणार? बोलले, सांगेन थांब म्हणून. भाव वाढतोय तोवर मला सांगता येईल."

शेठनी त्यांचं बोलणं सांगताना नकळत मान डावीकडे केली होती. पंजा मात्र पुढे केला नाही. पंजा बहुतेक काका फक्त घरीच करायचे.

मी पंधराशे घेतले. येताना रस्त्यात मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो, वेगवेगळ्या आवाजात. वडलांच्या, भटजींच्या, शेठच्या. एकाही आवाजात नीट बसेना.

मावशी खाली नळाशीच रांगेत उभी होती, पुढे तीन-चार हंडे. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की भाव पडला. म्हणे सरकारी कारखान्यात आता देशी रिव्हॉल्वर बनणार आहे, त्यामुळे जुन्या मालाला कुणी विचारत नाही. एका महिन्यात सगळा बाजार बसला. मला वाटतं एवढं चांगलं सोंग मी पुन्हा कधी केलं नाही.

तिनं पैसे मोजले नाहीत. मुठीत धरले.

"म्हणजे दिवाळीत विकलं असतं तर वीस आले असते."

मी रांगेतले हंडे मोजले.

"दहाला पण विकलं असतं तर..." ती तिथंच थांबली. मग वर आमच्या खिडकीकडे बघून म्हणाली, जसं काय ते तिथं उभेच आहेत, "लोभी! लोभी माणूस! थांब, थांब, थांब! माझ्या पाटल्या गेल्या, गुडघे गेले, आणि तुम्ही पण गेलात ना शेवटी. काय वाढलं? सांगा ना, काय वाढलं?"

जिनं पाण्याचा भाव विचारला होता, तिनं मावशीची कळशी पुढे घेतली आणि आधी भरून दिली.

पंधराशेत वसाहतीतला उंबरासुद्धा आला नसता. पण घरमालकाच्या हातापाया पडून मी खालच्या नळावरून वर एक पाइप नेला, मोरीत तोटी बसवली. प्लंबर, पाइप, घरमालकाचं तोंड गोड करणं, सगळं त्यातच झालं. रिव्हॉल्वर गेलं आणि नळ आला. दुसरा मजला असल्यामुळे पाणी वर चढायला वेळ लागतो. आधी नुसती हवा येते, फुसफुस, मग दोन थेंब, मग बारीक धार.

आता ती सकाळी मोरीत पाटावर बसते, तोटीखाली बादली ठेवते आणि धार मोठी व्हायची वाट बघते. काकांचा फोटो समोरच्याच भिंतीला लावलाय. रोज त्यांना एकदा तरी बोल लावते, लोभी म्हणते. तसं कुणाशी इतकं ती बोलतही नाही आता. मला दर वेळी वाटतं, सांगून टाकावं. मग मला तिचा तो हात दिसतो, पळी धरलेला.

परवा बादलीत नुसते थेंब पडत होते. ती बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "कर रे त्यांचा आवाज."

"नको मावशी."

"कर म्हणते ना. लय दिवस झाले ऐकून."

मी मान डावीकडे केली, पंजा पुढे धरला.

"थांब," मी म्हटलं. "अजून वाढेल."

ती हसली. पदरानं डोळे पुसले आणि फोटोकडे बघून म्हणाली, "बघा, अजून तेच." मग तोटी जरा सैल केली आणि पाटावर बसूनच राहिली.